डोंगरावरची रांग

६ मार्च

आज विमानतळावर राष्ट्रीय फुटबॉल संघाच्या नव्या मॅनेजरला आणायला गेलो होतो. टिबोर हालमोश नाव त्याचं. मूळचा हंगेरीचा, वीस-बावीस वर्षं डेन्मार्कमध्ये काढलेली, तरी डॅनिश अजून लंगडीच बोलतो. साठीचा असेल. समुद्राच्या वाऱ्यानं टोपी उडाली तर हा टोपीमागे धावला. आमच्या बेटांवर उडालेल्या टोपीमागे कुणी धावत नाही. टोपी गेली म्हणायचं आणि दुसरी विणायला घ्यायची.

हा माझा चौथा मॅनेजर. पहिला तापट होता, दुसरा गाय होता, तिसऱ्याला फळ्यावर बाण काढायचा नाद होता. तिघांच्याही हाताखाली आम्ही इमानेइतबारे हरलो. त्यामुळे माझं एक ठाम मत झालेलं आहे: आमच्यासारख्या मूठभर वस्तीच्या देशात मॅनेजर कोण आहे यानं काडीचाही फरक पडत नाही. एवढीशी माणसं, त्यात जो तो सुतार नाहीतर बोटीवरचा. संध्याकाळी दमून मैदानावर यायचं आणि ज्यांना झोपेतून उठल्यावर फुटबॉलशिवाय दुसरं काम नाही अशांशी लढायचं. इथे देव आला तरी काय करणार?

हे मी मारयुनला सांगितलं. बायको आहे माझी, पण बाजू नेहमी पलीकडची घेते. म्हणाली, "काही फरक पडत नाही ना? मग ती खुर्ची तुला कशाला हवी?"

मी ताटं उचलायला लागलो. पण इथे लिहायला हरकत नाही. हवी आहे. दहा वर्षं सहायक म्हणून पाणी भरलं, आता हवी आहे. संघटनेचा अध्यक्ष निक्लाई यानं मला बाजूला घेऊन शब्द दिला आहे. टिबोरचा करार नोव्हेंबरपर्यंतच आहे. या वर्षीच्या पात्रता गटात त्यानं एक तरी सामना जिंकला तर करार वाढेल, नाहीतर खुर्ची माझी. आणि आमचा गट पाहिला तर ती मला आत्तापासूनच सुतारानं पॉलिश करून ठेवल्यासारखी दिसते.

२५ मार्च

०-६. परक्या मैदानावर. कुणाशी ते लिहीत नाही, त्यांचं नाव लिहिलं की माझं पोट बिघडतं. त्यांच्या एका खेळाडूच्या बुटांच्या किमतीत आमचा अख्खा मासळी-धक्का विकत येईल.

परतीच्या विमानात टिबोर माझ्या शेजारी. मला वाटलं, आता उसासे टाकेल. तर विचारतो, "सिमुन, तुझा संघ असता, तर तू काय केलं असतं?"

मी म्हणालो, धुकं पडावं म्हणून प्रार्थना केली असती. तो हसला आणि त्यानं पुन्हा विचारलं, नाही, खरंच काय केलं असतं? मी काहीतरी सांगून वेळ मारून नेली. हा मलाच विचारतो. मग मॅनेजर कोण? मला तर वाटतं गड्याला काही येत नाही.

१२ जून

आणखी दोन सामने, दोन्ही हरलो. मी दुःखी चेहरा केला. तो करायला आता सराव लागत नाही.

टिबोर मधल्या दिवसांत काय करतो याची मला उत्सुकता होती. तर हा खेळाडूंच्या कामावर जाऊन बसतो. आमचा कप्तान हानुस गोदीत वेल्डर आहे, त्याच्याकडे दोन दिवस ठिणग्या बघत बसला. डाव्या बगलेवर खेळणारा तैतुर सॅमन माशांच्या जाळ्यांवर काम करतो, त्याच्या होडीत गेला आणि सगळा वेळ काठावर वाकून ओकत होता म्हणे. फिन्नुर आमचा पुढचा गडी, वीजतारा ओढतो. त्याच्याबरोबर शिडीवरसुद्धा चढला. संघाला शिकवायचं सोडून हा स्वतःच शिकाऊ उमेदवार झालेला. माझ्या ड्रायव्हिंग स्कूलमध्ये असा शिक्षक मी आठवड्याभरात हाकलला असता.

अर्ध्या संघाला गाडी मीच शिकवली आहे. त्यामुळे पोरं मला मास्तर म्हणतात. कुणाची कुठे तंद्री लागते, कोण वळणावर घाबरतो, हे मला त्यांच्या आयांपेक्षा जास्त ठाऊक. टिबोर हेही मला विचारून घेतो. सांगतो मी. माझं काय जातं?

९ सप्टेंबर

घरच्या मैदानावर १-२. लोक म्हणाले, बरे खेळलो. आमच्याकडे बरे खेळलो म्हणजे कमी हरलो.

एवढं मात्र खरं, सामना संपल्यावर पोरं मान खाली घालून गेली नाहीत. तैतुर तर चिडलेला होता. आमच्या संघात हरल्यावर चिडलेला माणूस मी बऱ्याच वर्षांनी पाहिला.

२३ सप्टेंबर

गंमत झाली आहे. येत्या शनिवारी टिबोरनं सराव शिबिर ठेवलं आहे. सगळ्यांनी सकाळी राजधानीत, तोर्शहाउनला यायचं. संघटनेच्या कचेरीतल्या बाईंनी दिनदर्शिका पाहून तारीख दिली, कारण त्यात डोंगरावरची मेंढरं उतरवायचा दिवस गेल्या शनिवारी आहे. पण गेल्या शनिवारी धुकं होतं. धुक्यात मेंढरं कोण उतरवतो? मग तो दिवस आपोआप येत्या शनिवारवर गेला. हे कुणी कुणाला कळवत नाही. धुकं होतं हे ज्याला दिसलं त्याला कळलं. बाई शहरातल्या, त्यांच्याकडे मेंढरू नाही. आणि टिबोर हंगेरीचा.

मला कालच लक्षात आलं. मी गप्प बसलो. माझ्या तोंडानं त्याला मार्ग दाखवायचा, हे कुठल्या करारात लिहिलंय? शनिवारी रिकामं मैदान पाहून अंगाचा तिळपापड होईल, खेळाडूंवर ओरडेल, पोरं बिथरतील आणि काम फत्ते. हानुसनं फोन करून विचारलं की टिबोरला सांगितलंस ना? मी म्हणालो, बघतो.

२७ सप्टेंबर

सकाळी मैदानावर माणसं आली पाच. त्यातले दोन जखमी. टिबोर घड्याळाकडे बघत होता. शेवटी मला विचारलं. मी सांगितलं: डोंगर. वर्षातून एकदा. ज्याचा कळपात वाटा आहे त्या घरातलं माणूस गेलंच पाहिजे. राष्ट्रीय संघ काय, राजा आला तरी डोंगर पहिला.

मी त्याच्या तोंडाकडे बघत होतो. तो ओरडला नाही. म्हणाला, "गाडी काढ. आपण पण जाऊ."

हानुसच्या गावी पोचलो तेव्हा रांग निम्म्या उतारावर लागली होती. गावातली सगळी माणसं, बायका-म्हातारे धरून, डोंगराच्या अंगावर आडवी पसरलेली, दोघांमध्ये ठरावीक अंतर, पुढ्यात मेंढरं. टिबोरला तैतुर आणि हानुसची आई एल्स्पा यांच्यामध्ये उभं केलं. एल्स्पा सत्तरीची, पण तिच्या तोंडाला कुत्रीसुद्धा घाबरतात. थोड्या वेळानं एक मेंढी रांगेतून निसटली आणि टिबोर टोपीमागे धावला होता तसाच तिच्यामागे धावला. त्यानं सोडलेल्या भगदाडातून आठ-दहा मेंढरं आरामात वर निघून गेली.

एल्स्पानं त्याला सगळ्यांदेखत झापलं. मी ते टिबोरला डॅनिशमध्ये सांगितलं, आणि सांगताना मला, खोटं कशाला बोलू, गुदगुल्या होत होत्या. ती म्हणाली, "अरे बाबा, तू कुणाच्या मागे पळतोस? तुझ्यापेक्षा तिला चार पाय जास्त. तू तुझी जागा धर. तू हललास तर शेजाऱ्यानं काय करायचं?"

माझ्या मते एल्स्पाला मोजता येत नाही, पण ते मी भाषांतरात दुरुस्त केलं.

मग टिबोर हलला नाही. दिवसभर नुसता डावी-उजवीकडे मान वळवून माणसांकडे बघत चालला. शेजारी पुढे गेला की हा पुढे, शेजारी थांबला की हा थांबला. कुणी हुकूम देत नव्हतं. संध्याकाळी मेंढरं खालच्या दगडी वाडग्यात, म्हणजे कुंपणात, शिरली. आम्ही एल्स्पाकडे मटणाचं सूप आणि बटाटे खाल्ले. तेव्हा त्यानं मला विचारलं, "यात मुख्य कोण?"

म्हटलं, आज कोणी नाही. सगळ्यांना माहीत असतं.

तो एकदम हसायलाच लागला. चमचा खाली ठेवून, डोळ्यांत पाणी येईपर्यंत. एल्स्पाला वाटलं सूप बिघडलं. मला वाटलं माणसाचं डोकं फिरलं.

३० सप्टेंबर

सरावाला पूर्ण संघ आला. शनिवारी डोंगरावर मॅनेजर आला होता या एकाच कारणानं आले, हे उघड आहे. माझा डाव माझ्यावरच उलटला.

आज चेंडूच नव्हता. टिबोरनं सगळ्यांना मैदानावर आडवं पसरवलं आणि म्हणाला, चाला. आमची पोरं एकमेकांकडे बघायला लागली. हालुर, आमचा गोलरक्षक, ओरडला, "मास्तर, मेंढरं कुठायत?"

टिबोर म्हणाला, मेंढरं नोव्हेंबरमध्ये येणार आहेत, खूप महाग मेंढरं आहेत, विमानानं येतात. पोरं हसली. मग चालली. आणि चालता चालता मला दिसलं की त्यांना काही सांगावं लागत नव्हतं. एक सरकला की दुसरा सरकत होता. लहानपणापासून आजा-काकांबरोबर जे केलं तेच पाय करत होते. इतकी वर्षं आम्ही या पोरांना परदेशी पुस्तकांतले बाण शिकवत बसलो.

तरी हा पोरखेळच आहे. फुटबॉल म्हणजे डोंगर नव्हे.

७ ऑक्टोबर

आज न राहवून बोललो. तो आठवडाभर रांग सरळ धरून चालवत होता. सरळ रांगेनं मेंढरं उतरत नाहीत. वरच्या अंगाचा माणूस नेहमी पुढे असतो, रांग कोयत्यासारखी वाकते, म्हणजे मेंढराला एकीकडे भिंत दिसते आणि आपसूक ते वाडग्याकडे वळतं. त्यांना कुठल्या बाजूला नेऊन कोंडायचं ते आपण ठरवायचं असतं. मैदानावर वाडगं म्हणजे कोपरा. चेंडू असलेला त्यांचा गडी तिकडे वळवायचा आणि मग गळा आवळायचा.

हे मी त्याला मैदानावरच बाटल्या मांडून दाखवलं. उजवीकडे फिन्नुरला पुढे काढलं, तैतुरला मागे ठेवलं. अंधार पडला तरी आम्ही दोघं बाटल्या सरकवत होतो. टिबोर म्हणाला, "हे मला कळणारच नव्हतं." मग खेळाडूंना समजावायलाही त्यानं मलाच सांगितलं.

मी हे केलं ते फक्त एवढ्यासाठी की चुकीची गोष्ट माझ्यानं बघवत नाही. कुणी चौथ्या गियरमध्ये चढ चढत असेल तर मी रस्त्यावरच्या परक्या माणसालाही ओरडतो. त्याला मदत करायचा काही हेतू नव्हता.

मारयुन म्हणाली, "आठवडाभर तू जेवताना मीठदाणी आणि चमचे सरकवतोयस." म्हटलं, सवय आहे.

११ ऑक्टोबर

०-०. गटातल्या मधल्या संघाशी, आमच्या मैदानावर. गेल्या खेपेला त्यांनीच आम्हाला चार मारले होते.

त्यांना वाटच सापडेना. शेवटी शेवटी त्यांचा कप्तान हात पसरून स्वतःच्याच लोकांवर ओरडत होता. पंचानं शिट्टी वाजवली तेव्हा मी टिबोरला मिठी मारली. नंतर आठवलं की बरोबरी म्हणजे जिंकणं नव्हे, म्हणजे माझी खुर्ची अजून शाबूत आहे. निक्लाईनंही डोळा मारून तेच सुचवलं. मला त्याचं ते डोळा मारणं का कुणास ठाऊक आवडलं नाही.

२ नोव्हेंबर

एकच सामना उरला. तेच ते, सहा गोलवाले.

टिबोरनं आज गाडीत विचारलं की मी सहायक म्हणून दहा वर्षं का राहिलो. मी म्हणालो, संधीची वाट पाहत. तो म्हणाला, "चांगला माणूस वाट बघतो तेव्हा लोकांना वाटतं, त्याला काही नको." मग खिडकीबाहेर बघत बसला. त्याला निक्लाईचा शब्द कळला आहे की काय? शक्य नाही. त्याला कोण सांगणार? आमच्याकडे कुणी कुणाला काही सांगत नाही. फक्त सगळ्यांना सगळं माहीत असतं.

१४ नोव्हेंबर

उद्या सामना. टिबोरचा घसा बसला आहे. गेले तीन दिवस वाऱ्यात ओरडून आवाज पार गेला, आता तोंडातून नुसती हवा येते. उद्या मैदानाच्या कडेनं मीच ओरडायचं असं ठरलं. तो माझ्या शेजारी उभा राहून खुणा करणार.

म्हणजे उद्या सगळं माझ्या हातात आहे. हे वाक्य लिहिलं आणि उठून खिडकी लावून आलो. हरलो तर खुर्ची. बरोबरी झाली तरी खुर्ची. ओरडायला जरा उशीर केला तर कुणाला कळणारही नाही. मी तसा माणूस नाही. पण तसा विचार मनात येतो एवढा तरी आहे. घोडामैदान जवळच आहे, बघू.

१६ नोव्हेंबर

काल लिहायला शुद्ध नव्हती. आज सावकाश लिहितो.

वारा पश्चिमेचा, जोरदार. पहिल्या अर्ध्यात आमच्या पाठीशी. त्यांचे गडी हातमोजे घालून, खांदे वर करून उभे. आमची पोरं आखूड बाह्यांत. मेंढरं विमानानं आली खरी, पण आल्यापासून थंडीनं गारठलेली.

पहिल्या मिनिटापासून रांग लागली. मी ओरडत होतो, टिबोर शेजारी हातानं दाखवत होता. पण खरं सांगायचं तर थोड्या वेळानं मी त्याच्याकडे बघायचं सोडलं आणि त्यानं दाखवायचं सोडलं. त्यांचा तो बुटांचा श्रीमंत चेंडू घेऊन आला की फिन्नुर वरून वाकायचा, हानुस मधून सरकायचा, आणि तो बिचारा कोपऱ्याकडे वळायचा. पुन्हा मागे पास. पुन्हा वळायचा. लोकांनाही ते दिसायला लागलं. इथे रांगेत कधी ना कधी चालला नाही असा माणूस प्रेक्षकांत नव्हता. तो कोपऱ्याकडे वळला की अख्खं मैदान, कुत्र्यांना देतात ती लांबलचक शीळ घालायचं. परदेशी पत्रकारांना वाटलं आम्ही त्यांना हिणवतोय.

मध्यंतराच्या जरा आधी त्यांचा बचावपटू असाच कोपऱ्यात कोंडला. घाबरून त्यानं गोलरक्षकाकडे चेंडू मागे मारला. आमच्या वाऱ्याची त्याला काय कल्पना? चेंडू अर्ध्या वाटेत उचलला गेला, वळला आणि फिन्नुरच्या पुढ्यात येऊन पडला. फिन्नुरनं मारला. जाळं हललं. १-०.

दुसरा अर्धा वाऱ्याविरुद्ध. तो अर्धा मी कुणाला सांगू शकणार नाही, कारण मला नीट आठवतच नाही. हालुरनं दोन चेंडू कसे अडवले ते त्यालाही माहीत नाही. पोरं पाय ओढत पळत होती. भरपाईचा जादा वेळ सुरू झाला. डाव्या बाजूला त्यांचा एक वाऱ्यासारखा पळणारा गडी चेंडू घेऊन निघाला आणि तैतुर आपली जागा सोडून त्याच्या मागे निघाला. त्याच्या मागे भगदाड पडलं आणि त्या भगदाडाकडे त्यांचे दोघं पळत येताना मला दिसले. टिबोरलाही दिसले. त्यानं तोंड उघडलं, पण आवाज नव्हता.

"तैतुर, जागा!"

ते मी ओरडलो. कधी ओरडलो कळलं नाही. हा पोरगा गाडी मागे घ्यायला शिकत होता तेव्हापासून मी त्याच्यावर याच आवाजात ओरडतो आहे. तो कुणाकडे न बघता जागच्या जागी उलटा वळला, भगदाडात परत आला, आणि पास आला तो थेट त्याच्या पायावर. त्यानं तो उचलून समुद्राच्या दिशेनं भिरकावला. पंचानं शिट्टी वाजवली.

त्यानंतर मी रडलो. आख्ख्या देशासमोर. हानुस मला उचलून घेऊन फिरत होता आणि मी रडत होतो. टिबोर मैदानात आला नाही. बाकाजवळ उभा राहून बघत होता. मीच त्याला हाताला धरून आत ओढला, म्हटलं, "चल, तुझा संघ आहे हा." तो कुजबुजला, "आपला." आवाजच तेवढा होता.

हीच अकरा पोरं मार्चमध्ये होती. हेच पाय, हाच वारा. त्यानं नवीन काय आणलं? काहीच नाही. आमच्याकडे काय आहे ते त्यानं पाहिलं. मी इथेच जन्मलो, दर वर्षी रांगेत चाललो, दहा वर्षं या बाकावर बसलो आणि मला ते दिसलं नाही. मॅनेजरनं फरक पडत नाही असं यापुढे माझ्यासमोर कुणी म्हणून दाखवावं.

कपडे बदलायच्या खोलीबाहेर निक्लाई उभा होता. जिंकल्याचा आनंद आणि माझ्यापुढची पंचाईत, दोन्ही एकाच तोंडावर मावत नव्हती. म्हणाला, "सिमुन, आता तू समजूनच घेशील. शब्द दिला होता, पण..."

मी त्याला पुढे बोलू दिलं नाही. म्हणालो, टिबोरला दोन वर्षांचा करार द्या, उद्याच्या उद्या. नाही दिलात तर सहायकसुद्धा दुसरा शोधा.

मग गावच्या सभागृहात नाच. वाद्य नाही, काही नाही, हातात हात धरून नुसतं गोल फिरायचं, पाय आपटायचे आणि जुनं कवन म्हणायचं. शे-दीडशे कडवी. गोल इतका मोठा झाला की मधोमध आणखी एक वेढा घ्यावा लागला. माझ्या एका हाताला मारयुन, दुसऱ्या हाताला टिबोर. त्याला कवन येत नाही, पावलंही येत नाहीत, तो माझ्या पायावर पाय देत होता आणि आवाज नसलेल्या तोंडानं गात होता. मी मात्र बेंबीच्या देठापासून गात होतो.

मारयुन माझ्या कानाशी आली. म्हणाली, "खुर्ची गेली की रे तुझी."

"गेली ना," मी म्हणालो. "आणि मी मूर्ख, दोनच वर्षं मागितली. चार मागायला हवी होती."

ती इतकी हसली की तिची पावलं चुकली आणि मागचे सगळे एकमेकांवर आदळले. निक्लाई घरी गेला होता. त्याला आज सकाळी फोन करून चार मागितली.